मयताच्या घराला दिलेली भांडी

आमच्या चर्चमधली भांडी चोरीला गेली, असं गल्लीत अजून म्हणतात. मी ऐकते आणि गप्प बसते. कुणी कुलूप तोडलं नाही, खिडकीचे गज वाकवले नाहीत. खोलीची किल्ली मी काढली, भांडी मी मोजून न घेता बाहेर दिली, आणि टेम्पोत चढवताना ‘हळू रे, काठ चेपेल’ म्हणून ओरडणारीही मीच. चोरांना चहा पाजला तो वेगळा.

सरकारी दवाखान्यात तेहतीस वर्षं नर्स होते. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी गल्ली मला सिस्टरच म्हणते. लहान पोरं तर हे माझं नावच समजतात. आमचं चर्च यंत्रमागांच्या वस्तीत आहे. चारी बाजूंनी दिवसभर मागांचा खडखडाट, त्यामुळं आमच्या पाळकसाहेबांना प्रार्थनाही जरा आवाज चढवूनच करावी लागते. देवाला कमी ऐकू येतं असं समजून नवीन माणूस दचकतो. मंडळी लहान, साठ-सत्तर घरांची. पण आवाराचं फाटक गल्लीला कधी परकं वाटलं नाही. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं आणि आमच्या बोअरला बारा महिने पाणी, म्हणून कुंपणाबाहेर एक नळ काढून दिलेला आहे. विणकरांच्या तेलुगू बोलणाऱ्या बायका, मशिदीमागच्या घरांतल्या भाभी आणि आमच्या मंडळीतल्या बायका यांची भांडणं त्या एकाच नळावर, तीन भाषांत होतात.

आणि भांड्यांची खोली. ती तर चर्चपेक्षा जास्त लोकांना माहीत होती.

आमच्या मंडळीत एक रीत आहे. घरात कुणी वारलं की वर्ष झाल्यावर घरचे लोक चर्चला एक भांडं देतात. पितळेचंच. दुकानातून त्यावर गेलेल्या माणसाचं नाव घालून आणायचं. रविवारी ते पुलपीटपुढं, पाळक उपदेश करतात त्या जागेपुढं, ठेवायचं, पाळकांनी प्रार्थना करायची, आणि त्याच दुपारी त्यात काहीतरी शिजवून सगळ्यांनी जेवायचं. मग भांडं खोलीत. तिथून ते लग्नाला जायचं, बारशाला जायचं, आणि सगळ्यात जास्त मयताला. कुणाच्याही मयताला. जात, धर्म, गल्ली कोणती, काही नाही. दु:खाच्या घरात चूल पेटत नाही, पण गावाहून आलेल्या माणसांना काहीतरी घालावंच लागतं, पाणी तापवावं लागतं, चहा लागतो. त्या भांड्यांत शिजलेलं अन्न खाऊन कितीतरी माणसं परत गावाला गेली असतील. काठावर कोरलेलं नाव त्यांनी वाचलंही नसेल. आमचे लोक मेल्यावरही असे शहरभर जेवायला घालत हिंडायचे.

त्या खोलीची किल्ली आधी आमच्या यांच्याकडं होती. हे रेल्वेत फिटर. बोलणं कमी, आणि बोलले तर टोमणा. निवृत्त झाल्यावर यांनी खोलीचा ताबा घेतला आणि पहिल्याच दिवशी मला सांगितलं, "मयताच्या दारातनं आलेल्या माणसाला एकच इचारायचं. किती माणसं? बास. त्याच्या म्होरं एक सबूद न्हाय."

"आणि भांडी परत नाही आली तर?"

"येत्यात की. रडणारा माणूस भांडी घेऊन कुटं जातोय?"

या नियमामागं एक गोष्ट होती. ती यांनी मला उभ्या संसारात दोनदाच सांगितली. हे नुकते नोकरीला लागले होते तेव्हा गावाकडं यांची आई गेली. गावातली मोठी भांडी एका घरी असायची, ती मागायला हे गेले. ओट्यावर बसलेल्या माणसानं विचारलं, कुणाचा तू? कुठला? आई कशानं गेली? कधी गेली? किती दिवस आजारी होती? भांड्यात काय शिजवणार? यांनी सगळ्याची उत्तरं दिली, उन्हात उभं राहून. मग तो म्हणाला, भांडी बाहेर गेलीत. मागं दारातून भांड्यांची उतरंड दिसत होती. आईला माती देऊन आलेली माणसं त्या दिवशी उपाशी परत गेली. "न्हाय म्हणाला त्येचं मला काय वाटत न्हाय," हे म्हणायचे, "आपल्याला कोण देतंय तवा? पर सगळं इचारून घेतलं आन् मग न्हाय म्हणाला."

म्हणून आमच्या खोलीत एकच प्रश्न होता. किती माणसं? त्यावरून भांडी ठरायची.

यांना आपण जाणार हे सहा महिने आधी कळलं होतं. मूत्रपिंडं गेली होती. मी नर्स, मला लपवता येईना आणि यांना फसवता येईना. एक दिवस डायलिसिसहून येताना रिक्षात म्हणाले, "माझ्या नावाचं पिटुकलं तपेलं आणून ठिवशील तर बघ. दोनशे माणसांचा भात बसला पायजे." मी म्हटलं, एवढं मोठं घासणार कोण? तर म्हणाले, "म्हणूनच नाव बारीक घाल. घासणाऱ्याला तरास नको."

वर्ष झाल्यावर मी ते पातेलं घेतलं. दुकानात बारीक टोकाच्या यंत्रानं नाव घालताना किर्रर्र असा आवाज येतो, दाढेतून कळ गेल्यासारखा. मी काउंटरला धरून उभी राहिले. दुकानदार म्हणाला, बसा सिस्टर. मी बसले नाही. नाव बारीकच घातलं, पण दोनदा गिरवून घेतलं. त्यानंतर ते पातेलं फार वेळा बाहेर गेलं नाही, कारण दोनशे माणसांचं मयत रोज कुठं असतं? मी आपली आठवड्याला एकदा ते पुसायची. त्याच्याशी बोलायची. वेडेपणा आहे, पण लोक फोटोशी बोलतात ते चालतं ना?

तो बुधवार होता. सकाळी अकराच्या सुमाराला आवारात टेम्पो आला. दोन पुरुष आणि एक बाई. बाईनं पदर तोंडात धरलेला, खांदे हलत होते, आवाज नव्हता. दोघांतला मोठा पुढं आला. दाढी वाढलेली, पायात चप्पल नाही.

"आई गेली ओ बाई. सकाळी. कुंभारीला हाय घर. कुणीतरी सांगितलं, हितं भांडी मिळत्यात."

मी विचारलं, "किती माणसं?"

"शंभर तरी हुतील की."

मी किल्ली घेतली. दवाखान्यात एवढी वर्षं काढलेल्या बाईला एक घमेंड असते. खरं दु:ख आणि खोटं दु:ख मला लांबून कळतं, असं मी चारचौघांत सांगायची. आणि त्या बाईचं रडणं मला खरं वाटलं. आजही शपथेवर सांगेन, ती बाई खरंच रडत होती. कशासाठी ते मला माहीत नाही.

खोली उघडून मी एकेक भांडं काढायला लागले. समोरच्या कारखान्यातले दोन कामगार माग थांबवून मदतीला आले. मयत म्हटल्यावर आमच्या गल्लीत कुणाला बोलवावं लागत नाही. पातेली गेली, पराती गेल्या, हंडे, कढया, झारे, वाढायची भांडी. बाईला मी पायरीवर बसवलं, साखर जास्त घालून चहा दिला, तिचा हात हातात घेतला. मग उभ्या-उभ्या छोटी प्रार्थना केली. मोठ्या माणसानं जरा उशिरा ‘आमेन’ म्हटलं. मला वाटलं, सवय नसेल बिचाऱ्याला.

ते निघाले होते. टेम्पोचं फळकूट लावत होते. तेवढ्यात माझी नजर कोपऱ्यातल्या यांच्या पातेल्यावर गेली.

"हे पण न्या," मी म्हटलं.

"नको बाई, एवढं मोठं कशाला?"

"अहो, शंभर म्हणता आणि दीडशे येतात. आईच्या मातीला आलेला माणूस उपाशी जाऊ नये. न्या."

तो थांबला. त्यानं पातेल्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. क्षणभर वाटलं, तो काहीतरी बोलणार आहे. मग त्यानं मान खाली घातली आणि ते उचललं. मी एका बाजूनं हात लावला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असणार? त्यानं मागितलंही नव्हतं.

भांडी साधारण तिसऱ्या दिवशी परत येतात. कुणी दहावा-तेरावा करणारं असेल तर त्यानंतर. आम्ही कधी मागायला जात नाही. तेरावा होईपर्यंत तर मला शंकाही आली नाही. उलट मी यांच्याशी मनात बोलत होते की बघा, अखेर मोठं मयत मिळालं तुम्हाला. पंधराव्या दिवशी मला वाटलं, बाईचं काही बरंवाईट नसेल ना झालं? फार खचली होती. भेटून यावं.

म्हणून मी पाच ज्वारीच्या भाकरी केल्या, शेंगांची चटणी घेतली, फडक्यात बांधलं आणि कुंभारीला गेले. तिथं कामगारांच्या घरांच्या रांगाच्या रांगा आहेत, सगळी सारखी. घरचं नाव मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. प्रत्येक रांगेच्या तोंडाशी उभी राहून विचारायची, इथं पंधरा दिवसांपूर्वी कुणाची आई वारली का हो? लोक माना हलवायचे. चौथ्या की पाचव्या रांगेत एक बाई उंबऱ्यात बसून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती.

"कोण म्हंता? हितं न्हाय बाई."

"नीट आठवा. मोठं कार्य झालं असेल. शंभर माणसं."

"आठवायचं काय त्यात? मी रोज हितंच बसते की. देवाच्या दयेनं ह्या म्हैन्यात एक बी मानूस न्हाय गेलं आमच्यातलं."

ती आनंदाची बातमी होती. कुणी मेलं नव्हतं. आणि मी तिथं उन्हात उभी राहून, कुणीतरी मेलेलं असू दे, अशी मनोमन आशा करत होते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्या बाईनं मला पाणी दिलं. भाकरी परत घरी नेणं होईना म्हणून मी फडकं तिच्यापुढं ठेवलं. ती नको-नको म्हणत राहिली, आणि मी बसथांब्याकडं चालायला लागले.

पोलीस चौकीत हवालदार भला माणूस होता. त्यानं कागद पुढं ओढला.

"कुलूप तोडलं?"

"नाही. मी उघडून दिलं."

"मानसं वळखीची?"

"नाही."

"नाव काय सांगितलं?"

"विचारलं नाही."

"टेम्पोचा नंबर?"

"बघितला नाही."

त्यानं पेन खाली ठेवलं. "सिस्टर, मग तुमी इचारलं काय त्येला?"

"किती माणसं."

त्यानं खुर्ची जरा पुढं ओढली. मग हळू आवाजात म्हणाला, "पितळ हाय म्हंजी आतापतूर वितळलं आसंल. तक्रार लिवून घेतो, पर आशा ठिवू नका." मला त्याचा राग आला नाही. खरं बोलणाऱ्यावर मी सहसा चिडत नाही. मी चिडले ती स्वतःवर, आणि त्याहून जास्त, देवाची क्षमा मागून सांगते, यांच्यावर. रडणारा माणूस भांडी घेऊन कुटं जातोय म्हणे! घ्या आता.

सगळ्यांना सांगावं लागलं. एकेका घरी जाऊन सांगितलं, कारण ज्याचं-त्याचं माणूस त्यात होतं. कुणाचे वडील, कुणाची सासू. बहुतेकांनी माझंच सांत्वन केलं. काहींनी केलं नाही, तेही बरोबरच होतं. एका म्हातारीकडं जायला मात्र माझे पाय उचलेनात. तिचा एकुलता मुलगा मागाच्या पट्ट्यात सापडून गेला होता. त्याच्या नावाचा हंडा होता आमच्याकडं. दर शनिवारी ती चिंच घेऊन यायची, हंडा बाहेर काढायची आणि तासभर घासत बसायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "लेकराला आंघूळ घालून येते."

मी तिच्यापुढं बसले आणि सांगितलं. तिनं हातातली काठी भिंतीला टेकवली. मग विचारलं, "वितळवला आसंल का गं?"

"नाही हो, मिळेल," मी म्हटलं. नर्सचं खोटं बोलणं, सवयीचं.

"त्यो मागाय आला तवा रडत हुता का?"

"त्याच्यासोबतची बाई रडत होती."

"मग दिलंस ते बराबर केलंस," ती म्हणाली.

तिनं शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. पुढच्या शनिवारी ती आली. मुठीत चिंच होती. रिकाम्या खोलीच्या पायरीवर बसली, दोन-तीनदा आत बघितलं, आणि ऊन वर चढल्यावर उठून गेली. त्याच्या पुढच्याही शनिवारी आली. मी दाराआडून बघायची, समोर जायची हिंमत होत नव्हती.

रविवारी उपासनेनंतर मंडळीची बैठक झाली. पाळकसाहेब तरुण आहेत, नवीनच आलेत. ते म्हणाले, आधी त्या माणसांसाठी प्रार्थना करू या, त्यांचं मन देव वळवो. सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. मला त्यांचं मन वळायला नको होतं, मला माझं पातेलं हवं होतं. मग गलका सुरू झाला. कॅमेरा लावा, भांडी देणं बंद करा, फक्त मंडळीतल्यांना द्या. शेवटी एकानं मांडलं, की द्यायची, पण आधार कार्ड आणि दवाखान्याचा कागद बघून. पाळकसाहेबांना ते पटलं नसावं. ते माझ्याकडं वळले. "सिस्टर, किल्ली तुमच्याकडं आहे. तुम्ही सांगा."

सगळ्यांना वाटलं, मी विरोध करणार. यांचा नियम सगळ्यांना पाठ होता. मी उभी राहिले आणि म्हटलं, "कागद बघितल्याशिवाय किल्ली निघणार नाही."

मागच्या बाकावरून ती म्हातारी उठली आणि काठी टेकत बाहेर गेली. बैठक संपायची होती अजून.

त्याच संध्याकाळी मी सुवाच्य अक्षरात नियम लिहून दाराला चिकटवला. गेलेल्या माणसाचं नाव. मागणाऱ्याचं नाव, पत्ता, कार्ड. दवाखान्याचा दाखला. ओळखीच्या माणसाचा फोन. बैल गेला आणि झोपा केला, पण झोपा मात्र मी भक्कम केला. भांडीही पुन्हा जमली. मशिदीच्या लोकांनी दोन डेगा दिल्या, विणकरांच्या बायकांनी वर्गणी काढून पातेली आणली, आम्ही स्टीलची आणि जर्मनची घेतली. नळावर भांडणाऱ्या बायका ती डोक्यावरून घेऊन आल्या तेव्हा मला रडू आलं, आणि त्याच वेळी मी मनात ताडत होते, की यातल्या कुणी त्या टेम्पोवाल्यांना आमची खोली सांगितली असेल? कुणीतरी सांगितलंच ना? असा विचार करत मी त्यांना चहा दिला. चोरीनंतर माझं डोकं असं चालायला लागलं होतं. कुणी ओळख काढून हसलं तरी मी त्याचे हात बघायची.

नव्या नियमानं दोन-तीन मयतांना भांडी गेली. लोकांनी कागद दाखवले, मी फोटो काढून घेतले, भांडी परत आली. कुणी वाईट वाटून घेतलं नाही. कागद मागणं बँकेत चालतं, रेशनला चालतं, इथंही चालेल असं मला वाटायला लागलं. यांनी उगीच बाऊ केला होता, असंही एकदा वाटून गेलं.

मग तो आला. एप्रिल महिना, दुपारचे दोन वाजले असतील. तिशीचा माणूस, टॉवेलच्या कारखान्यात कामाला. इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले. फोनवर बोलतच आत आला. "व्हय, बर्फाचं सांगितलंय. तुमी निगा. आन् येताना आण्णाला घ्या." फोन खिशात टाकला आणि दुकानात पाव मागावा तसा म्हणाला, "भांडी पायजेत सिस्टर. मयत हाय."

डोळे कोरडे ठणठणीत. मी मनात म्हटलं, याला तर नाटकही येत नाही.

"कोण गेलं?"

"बायको."

"कशानं?"

"कावीळ झाली हुती. पोटात पानी झालं."

"कधी?"

"सकाळी. साडेआठला."

"किती दिवस होती दवाखान्यात?"

"अकरा."

"कार्ड?"

त्यानं कार्ड दिलं. मी चष्मा लावून वाचलं. "हा पत्ता तर मंद्रूपचा आहे."

"व्हय की. गाव त्येच आमचं. हितं मागच्या बोळात भाड्यानं ऱ्हातो."

"घरमालकाला फोन लावा."

त्यानं लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही. दुपारची वेळ, झोपला असेल. मला मात्र आतून एक कडू समाधान झालं, की सापडलास.

"दवाखान्याचा कागद?"

"भावाकडं हाय. त्यो तिला घिऊन यायलाय गाडीतनं."

"मग तो आला की या."

तो गेला नाही. मी सावलीत उभी होते, तो उन्हात. घाम कानावरून खाली येत होता आणि तो पुसत नव्हता. "सिस्टर, गावाकडनं मानसं निगालीत. आन् तिला आंघूळ घालायची तर पानी तापवाय घरात मोठं भांडं न्हाय. आमी दोगंच ऱ्हायचो."

मी दारावरच्या कागदाकडं बोट केलं आणि तो मोठ्यानं वाचून दाखवला. त्याला वाचता येत होतं. मी वाचत असताना तोही ओळ न ओळ वाचत होता. शेवटपर्यंत वाचून झाल्यावर त्यानं खिशातून फोन काढला, बोटानं काहीतरी शोधलं आणि माझ्यापुढं धरला.

"सकाळीच काडलाय. तिच्या आईला पाठवाय. आई लांब ऱ्हाती, ती येस्तवर ही बघाय मिळायची न्हाय म्हनून."

स्ट्रेचरवर एक बाई होती. हिरवी चादर गळ्यापर्यंत. नाकात कापूस, हनुवटीखालून डोक्यावर बांधलेली पट्टी. कपाळावरची टिकली तशीच होती, जरा बाजूला सरकलेली.

मला सगळं माहीत होतं. तेहतीस वर्षांत मी हजारदा बघितलंय की पहिले काही तास माणूस रडत नाही. बर्फ सांगायचा असतो, गाडी बघायची असते, फोन लावायचे असतात. नीट विंचरलेले केस असतात, कारण सकाळी ती जिवंत असताना विंचरलेले असतात. हे मी नव्या पोरींना शिकवायची, की कोरड्या डोळ्यांच्या नातेवाइकाला आधी खुर्ची द्या. सगळं माहीत असून मी तो फोन हातात घेतला. फोटो खरा आहे का, याच्या बायकोचाच आहे का, इंटरनेटवरून काढलेला तर नाही, म्हणून मी दोन बोटांनी तिचा चेहरा मोठा केला. डोळ्यांचा पिवळेपणा पापणीखाली दिसतोय का ते बघितलं. दिसत होता.

मी फोन परत दिला. त्यानं तो शर्टाला पुसला.

"पटलं का, सिस्टर?" त्यानं विचारलं. रागानं नाही. तो खरंच विचारत होता, कारण पटलं नसतं तर त्याला अजून काहीतरी दाखवावं लागलं असतं.

मी हो म्हणाले.